शहराचा बंब

अमागर बेटावरच्या कचराभट्टीचा फोटो तुम्ही पाहिलेला आहे, मी पैजेवर सांगते. तिरक्या छपराची चकचकीत इमारत, छपरावर हिरवा उतार, उतारावरून स्की करत खाली येणारी माणसं आणि मागे पांढरी वाफ सोडणारी चिमणी. खाली मजकूर: 'डेन्मार्कमध्ये बघा, कचऱ्यातून वीज आणि वर खेळायला मैदान! आपल्याकडे हे कधी होणार?' हा फोटो मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. काकांकडून येतो, शाळेच्या ग्रुपवरून येतो, एकदा तर आमच्या वाईच्या गुरुजींकडूनही आला. मी कोपनहेगनला राहते म्हणून तो माझ्याकडे येणार हे ओघानंच आलं. जणू ती भट्टी माझ्या मालकीची आहे आणि मीच ती अडवून धरली आहे.

तर मंडळी, या भट्टीबद्दल एकदा सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आता तर कारणही घडलंय, ते पुढे सांगते. आधी भट्टी.

तिचं नाव अमागर बाके. (लिहायचं अमागर आणि म्हणायचं काहीतरी 'आमाअ' असं. डॅनिश उच्चारांबद्दल मी न बोललेलंच बरं.) बाके म्हणजे टेकडी. हा देश पोळपाटासारखा सपाट. राजधानीत टेकडी नाही, तर कारखान्याचीच टेकडी करू या, ही कल्पना ब्यार्के इंगेल्स या आर्किटेक्टची. भट्टी २०१७ मध्ये सुरू झाली आणि छपरावरचा स्कीचा उतार २०१९ मध्ये. कोपनहेगन आणि आजूबाजूच्या चार नगरपालिका मिळून तिच्या मालक आहेत. खर्च सुमारे ४ अब्ज क्रोनर. आत दोन भट्ट्या आहेत आणि प्रत्येकीत तासाला ३५ टन कचरा जळू शकतो. बाहेरच्या अंगाला ८५ मीटर उंचीची चढाईची भिंत आहे. चिमणीतून धुराची वर्तुळं सोडायची अशीही एक योजना होती, ती कागदावरच राहिली. (बरं झालं. चिमणीचं इतकं कौतुक मला तरी सोसलं नसतं.)

गंमत म्हणजे या बेटाला जुने कोपनहेगनवाले 'घाणीचं बेट' म्हणायचे. खरा शब्द याहून रांगडा आहे, इथे घरातली वडीलधारी मंडळी वाचतात म्हणून लिहीत नाही. शहराचा मैला पूर्वी इथे आणून टाकत, म्हणून ते नाव. आता त्याच बेटावर पर्यटक तिकीट काढून कचऱ्याच्या कारखान्यावर चढतात. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, इथे जरा जास्त वर्षं लागली इतकंच.

मी स्वतः वर गेले आहे, चांगली पाच-सहा वेळा. पाहुणे आले की नेतेच. वरून समुद्रातल्या पवनचक्क्या दिसतात, स्वीडनला जाणारा पूल दिसतो. वास? अजिबात नाही. कचरा जिथे ओतला जातो तिथली हवाच भट्टीत ओढून घेतात, त्यामुळे वास बाहेर येत नाही. माझा या भट्टीवर राग नाही हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल.

आता कारण. माझा मामेभाऊ पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. दोनशे फ्लॅटची सोसायटी आहे आणि दादा कमिटीवर आहे. तिकडे मोशीला महापालिकेचा कचऱ्यापासून वीज तयार करण्याचा प्रकल्प झाला आणि १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. रोज ७०० टन कचरा जाळायचा आणि १४ मेगावॅट वीज करायची, असे जाहीर आकडे आहेत. दादाला त्या प्रकल्पाचा अभिमान आहे आणि त्यात काही गैर नाही. पण आता सोसायटीत कुणीतरी प्रस्ताव आणलाय की मागच्या बाजूचे गांडूळखताचे हौद बुजवून तिथे सहा गाड्यांचं पार्किंग करावं. कचरा शेवटी जाळायचाच आहे, वीजही होणार आहे, मग ओला वेगळा, सुका वेगळा ही कटकट कशाला? दादाने मला विचारलं, "तुमच्याकडे सगळं जाळतातच ना? दोन ओळी लिहून दे, सभेत वाचून दाखवतो."

दोन ओळींत होत नाही रे दादा.

वाईला आमच्या आजोळी परसात तांब्याचा बंब होता. माझ्या वयाच्या लोकांना बंब म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण भाचेमंडळीही वाचतात, तर त्यांच्यासाठी: मधे एक नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि बाजूला तोटी. आंघोळीचं पाणी त्यात तापायचं. त्यात काय घालायचं याचे आजीचे नियम पक्के होते. करवंट्या, नारळाची सोडणं, शेंगांची टरफलं, सुताराकडच्या ढलप्या, रद्दी कागद, गोवऱ्या. भाजीची देठं आणि साली त्यात कधीही गेल्या नाहीत, त्या म्हशीपुढे जायच्या. खरकटं तिच्या आंबोणात. उरलंसुरलं परसाच्या टोकाच्या खड्ड्यात, ते पावसाळ्याआधी आळूच्या वाफ्यात. राख भांडी घासायला. एकदा मी लहानपणी उत्साहाने केळीच्या साली बंबात टाकल्या तेव्हा इतका धूर झाला की मामाला तशाच गार पाण्याने आंघोळ करून कामावर जावं लागलं.

आजी पर्यावरणवादी वगैरे नव्हती. ओलं जळत नाही आणि जळलं तरी धुरकटतं, एवढंच तिला माहीत होतं. आणि बंबाचं काम पाणी तापवणं हे आहे, कचरा संपवणं हे नाही, हेही.

कोपनहेगनची भट्टी हा या शहराचा बंब आहे. फोटोखालच्या मजकुरात 'वीज, वीज' असतं म्हणून आपल्या लोकांचा समज होतो की हे वीजकेंद्र आहे. वीज ती करतेच. पण तिच्यातून निघणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा गरम पाणी म्हणून बाहेर पडतो, जमिनीखालच्या नळांनी शहरभर फिरतो आणि घराघरांतल्या रेडिएटरमध्ये येतो. याला डॅनिशमध्ये शब्दशः 'दूरची ऊब' म्हणतात. कोपनहेगनमधली जवळजवळ सगळी, म्हणजे शंभरातली अठ्ठ्याण्णव घरं या नळांना जोडलेली आहेत. आमच्या घरात गीझर नाही, बॉयलर नाही. हिवाळ्यात रेडिएटरची चकती फिरवायची, बस्स. तो रेडिएटर कधी अमागरच्या कचऱ्यावर तापतो, कधी दुसऱ्या केंद्रातल्या लाकडाच्या भुशावर, हे मला कळतही नाही.

ही गोष्ट आजकालची नाही. कोपनहेगनला खेटून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या गावात १९०३ मध्ये देशातली पहिली कचराभट्टी उभी राहिली आणि तिची उष्णता जवळच्या इस्पितळाला नळाने देण्यात आली. डेन्मार्कच्या 'दूरच्या उबे'ची सुरुवातच मुळी कचऱ्यापासून झाली. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडले. त्या वेळी हा देश जवळजवळ सर्वस्वी आयात तेलावर चालत होता. त्या धसक्याने मग नळांचं जाळं पद्धतशीर वाढवलं गेलं. म्हणजे फोटोतल्या इमारतीच्या मागे शंभराहून जास्त वर्षांचं खोदकाम आहे, आणि ते जमिनीखाली असल्यामुळे फोटोत येत नाही.

याने काय फरक पडतो? खूप पडतो. कचरा जाळून वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं, तर कचऱ्यातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा वीज बनतो. उरलेली उष्णता कुठेतरी सोडून द्यावी लागते. कोपनहेगनमध्ये ती सोडत नाहीत, ती माझ्या बैठकीच्या खोलीत येते. इथे वर्षाचे सात महिने ती विकली जाते. पुण्याच्या बाजूला ती कुणाला विकणार? जानेवारीतले पंधरा दिवस स्वेटर घालणाऱ्या गावात नळाने ऊब घेणारं कोण आहे? (कुणीतरी नक्की लिहील की उष्णतेपासून गारवाही करता येतो. येतो. व्हिएन्नात श्पिटेलाऊच्या कचराभट्टीची उष्णता थंडाव्यासाठीही वापरतात. पण त्यालाही जमिनीखाली नळ लागतातच.)

आता मोशीच्या जाहीर आकड्यांवर मी एक साधा हिशेब केला, तुम्हीही करून पाहा. १४ मेगावॅट चोवीस तास पूर्ण ताकदीने चालले तर दिवसाला ३ लाख ३६ हजार युनिट. भागिले ७०० टन. म्हणजे टनाला ४८० युनिट, किलोला अर्ध्या युनिटहून थोडं कमी. चार माणसांच्या घरात रोज दोन किलो कचरा होतो असं धरू. सगळाच्या सगळा भट्टीत गेला आणि सगळाच्या सगळा नीट जळला, तरी रोजचं एक युनिट. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की संपलं. मी याला कमी लेखत नाही, एक युनिट म्हणजे एक युनिट. पण 'कचऱ्यातून शहर उजळणार' वगैरे जे कानावर येतं, त्याचं मोजमाप हे एवढं आहे. आणि त्यातही 'नीट जळला' हे दोन शब्द फार महाग आहेत.

कारण आपला कचरा ओला आहे. यात आपल्याला कमीपणा वाटायचं कारण नाही, उलट आपण भाजी निवडतो, नारळ खोवतो, कणीस सोलतो, ताजं रांधतो म्हणून तो ओला. इथल्या शेजारणीच्या बादलीत पुठ्ठे, वेष्टनं आणि गोठवलेल्या पिझ्झाची खोकी निघतात. माझ्या बादलीत मेथीच्या काड्या. आता भाजीच्या सालीत चार भागांतले तीन भाग पाणीच असतं. एक किलो पाणी घरातल्या तापमानापासून उकळून पूर्ण वाफ करायला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. भट्टीत ओलं टाकलं की ती आधी हे पाणी उडवत बसते आणि मग उरलेल्या कोरड्यातून जे मिळेल ते मिळतं. शिवाय तापमान पडतं, ते वेगळंच. विषारी डायॉक्सिन पुरतं जळून जावं म्हणून धूर ८५० अंशांवर निदान दोन सेकंद राहायला हवा, असा नियम आहे. ओल्या कचऱ्याने आग मंदावली की तिथे वरून इंधन ओतावं लागतं, नाहीतर तो नियम मोडतो.

हे पुस्तकी ज्ञान नाही. आपल्या देशाने याचा अनुभव घेतलाय, आणि तोही डॅनिश भट्टीवर! १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. यंत्रं डेन्मार्कच्या व्होलुंड कंपनीची. ती चालली २१ दिवस. भट्टीला किलोमागे चौदाशेच्या वर किलोकॅलरी देणारा कचरा हवा होता. दिल्लीच्या ट्रकांतून आला तो सहाशे-सातशेचा, ओला आणि मातीने भरलेला. आता अमागर बाकेच्या भट्ट्या कुणी बनवल्या ते सांगते: त्याच व्होलुंडच्या वारसदार कंपनीने. तेव्हा 'त्यांच्याकडे तंत्रज्ञान आहे, आपल्याकडे नाही' हे म्हणणं मला पटत नाही. तंत्रज्ञान अडतीस-चाळीस वर्षांपूर्वीच विमानाने किंवा बोटीने आलं होतं. केळीच्या साली बंबात टाकल्या गेल्या, इतकंच झालं.

आणि दादाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, आमच्याकडे सगळं जाळत नाहीत. पूर्वी बरंच काही जाळत होते हे खरं आहे. पण ज्या २०१७ साली ही झगमगीत भट्टी सुरू झाली, त्याच वर्षी कोपनहेगन महापालिकेने स्वयंपाकघरातला ओला कचरा वेगळा गोळा करायला घेतला. आमच्या ओट्याखाली त्यासाठी हिरव्या पिशव्यांचा डबा आहे. तो कचरा गोबरगॅससारख्या टाक्यांमध्ये जातो, त्याचा गॅस होतो, मळी शेतात जाते. २०२१ पासून देशभर घरगुती कचऱ्याचे दहा प्रकार ठरवून दिलेत. ओला, कागद, पुठ्ठा, काच, धातू, प्लॅस्टिक, दुधाची खोकी, कपडे, धोकादायक वस्तू आणि या सगळ्यातून जे उरतं ते. भट्टीत जायचं ते हे दहावं. इमारतीच्या अंगणात दहा तोंडांची ही पलटण उभी असते, आणि नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबाची पहिली परीक्षा तिच्यापुढेच होते. चहाचा चोथा कुठे हे एव्हाना मी झोपेतही सांगीन.

एका नातेवाइकांच्या गावी (गावाचं नाव सांगत नाही) काकू दोन बादल्या नीट वेगळ्या ठेवतात आणि घंटागाडीवाला दोन्ही एकाच कप्प्यात उपडं करतो. काकूंनी विचारलं तर म्हणाला, "पुढं एकच होतंय सगळं." असं एकदा ऐकलं की माणूस पुन्हा कशाला वेगळं ठेवेल? दादाच्या सोसायटीत जो प्रस्ताव आलाय तो याच वाक्याचा मोठा भाऊ आहे. मोशीला भट्टीच्या आधी कचरा वेगळा करायची यंत्रणा आहे, हे मला माहीत आहे. पण एकदा आमटी रद्दीवर सांडली की पुढे कितीही चाळण्या लावा, त्या कागदाचा लगदाच येणार.

इथवर वाचून कुणाला वाटेल की कोपनहेगनचं सगळं छान आणि आपलं सगळं वाईट, असं मी म्हणतेय. थांबा. या भट्टीची फोटोत न दिसणारी दुसरी बाजू आहे आणि इथल्या वर्तमानपत्रांनी ती वर्षानुवर्षं चघळली आहे.

भट्टी फार मोठी बांधली गेली. २०१२ मध्येच त्यावरून जोरदार भांडण झालं होतं. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री इडा आउकेन यांचा या आकाराला विरोध होता. म्हणणं असं की लोकांना कचरा कमी करा, वेगळा करा म्हणून सांगायचं आणि दुसरीकडे एवढं मोठं तोंड उघडून बसायचं, हे जुळत नाही. शेवटी तडजोड झाली, वर्षाला किती टन जाळायचं त्यावर मर्यादा घातली. पण कर्जाचा हिशेब जुळेना, तेव्हा मर्यादा सैल करावी लागली आणि ब्रिटनसारख्या बाहेरच्या देशांतून कचरा आणून जाळणं सुरू झालं. बंब मोठा घेतला म्हणून रोज शेजारून करवंट्या मागून आणायच्या, तसा प्रकार. २०२० मध्ये डॅनिश राजकीय पक्षांनीच ठरवलं की देशातली कचरा जाळायची क्षमता २०३० पर्यंत तीस टक्क्यांनी कमी करायची. म्हणजे ज्या देशाकडे बोट दाखवून आपण 'कधी होणार' म्हणतो, तो देश भट्ट्या कमी करायच्या मागे आहे.

आणखी एक. कोपनहेगनला २०२५ पर्यंत जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी व्हायचं होतं. त्याच्या जाहिराती बसवर पाहून आम्ही कंटाळलो होतो. २०२२ मध्ये महापालिकेने ते उद्दिष्ट सोडून दिलं. कशामुळे, तर याच भट्टीमुळे. कचऱ्यात प्लॅस्टिक असतं, प्लॅस्टिक म्हणजे तेल, ते जाळलं की कार्बन डायॉक्साइड निघणारच. तो चिमणीतच पकडून साठवायचा बेत होता, पण त्यासाठीच्या सरकारी मदतीच्या आर्थिक अटींत भट्टी बसली नाही. छपरावर स्की करणाऱ्यांना याची काही कल्पना असेल असं वाटत नाही.

भट्टीची भूक हा मला यातला सगळ्यात काळजीचा भाग वाटतो, आणि आपल्याकडे तर जास्तच. कारण भट्टीला काय आवडतं? कोरडा कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक. ज्याला भाव आहे तेच. आणि आपल्याकडे यावर कुणाचं तरी घर चालतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. २००८ मध्ये तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. आमच्या आईच्या दारात रोज येणाऱ्या ताई त्यांच्यातल्याच. त्या घरोघरचा कचरा नेतात, हातांनी वेगळा करतात आणि सुक्यातलं विकण्याजोगं विकतात. आईला चुकून औषधाच्या खोक्यात राहिलेली सोन्याची कुडी त्यांनी परत आणून दिली होती, ते वेगळंच. आता याच सुक्या मालावर भट्टीने हक्क सांगितला, रोज इतके टन पुरवूच असा करार झाला, तर पहिला घास कुणाचा? ताईंनी गोणीत भरलेला पुठ्ठा पुन्हा कागदही होऊ शकतो आणि त्यांच्या मुलीची फी सुद्धा. भट्टीत गेला तर किलोला अर्धं युनिट.

इथे कोपनहेगनमध्येही रिकाम्या बाटल्या गोळा करून पोट भरणारी माणसं आहेत. बाटली परत दिली की अनामत मिळते. त्यांना कचरापेटीत हात घालावा लागू नये म्हणून महापालिकेने रस्त्यावरच्या पेट्यांना बाहेरून एक फळी लावली आहे. लोक बाटली आत न टाकता त्या फळीवर ठेवून जातात. मला विचाराल तर फॉरवर्ड करायचा फोटो या फळीचा आहे.

राखेचं थोडक्यात सांगते. जाळलं की सगळं नाहीसं होत नाही, वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा राख उरते. खाली पडणारी जड राख इथे रस्त्यांच्या भरावात वापरतात. धूर गाळून जी बारीक राख मिळते ती विषारी. तिच्यासाठी डेन्मार्कलासुद्धा स्वतःच्या दारात जागा नव्हती. ती वर्षानुवर्षं नॉर्वेतल्या लांगोया नावाच्या बेटावर पाठवली गेली. आजीच्या राखेने भांडी लखलखायची, या राखेला हातही लावायचा नाही.

मग भट्टी नकोच का? असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला तेव्हा मुंबईवर आलेल्या धुराचे फोटो अंतराळातून काढलेले होते. तो कचराही जळतच होता, फक्त चिमणी नव्हती आणि गाळण्याही नव्हत्या. उघड्यावर धुमसणाऱ्या ढिगापेक्षा चांगली चालवलेली, मोजमाप जाहीर करणारी भट्टी केव्हाही बरी. लंगोट, सॅनिटरी पॅड, वेफर्सच्या चकाकत्या पिशव्या, फाटकी चप्पल, यांचं दुसरं काय करणार? त्यांच्यासाठी भट्टी हवी. पण तेवढ्यांसाठी लागेल तेवढीच, आणि त्यांच्याआधी बाकी सगळं बाजूला काढल्यावर. मोशीची भट्टी नीट चालावी असं मला मनापासून वाटतं. दादाच्या सोसायटीने हौद बुजवले तर ती जास्त नीट चालेल की कमी, एवढाच प्रश्न आहे.

त्याचा हिशेब असा. दोनशे फ्लॅट, प्रत्येकी एक किलो ओला कचरा, म्हणजे रोजचे २०० किलो. त्यातलं पाणी १५० लिटर. हौद बुजवले की हे दीडशे लिटर पाणी रोज ट्रकमध्ये घालून, डिझेल जाळून मोशीकडे न्यायचं. ते भट्टीत गेलंच तर नुसतं उकळून उडवायला शंभराहून जास्त युनिटांची उष्णता खर्च होणार. शिवाय ते पाणी गळून बाकीचा सुका माल भिजवणार ते निराळंच. हौदात हेच पाणी गांडुळांना लागतं आणि खाली निथळलेलं झाडांना घालता येतं.

वासाची तक्रार आहे म्हणे. असू शकते, मी नाक मुरडणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. नुसत्या ओल्याचा ढीग केला की वास येणारच. त्यात सुका पालापाचोळा किंवा भुसा समसमान टाकला आणि आठवड्यातून दोनदा वरखाली केलं की येत नाही. तुमच्या गेटबाहेरच्या गुलमोहराचा पाला सध्या झाडून कोपऱ्यात पेटवतात, तोच हौदात टाका. आणि हे काम करणाऱ्या माणसाला महिन्याचा नीट पगार द्या. सध्या वॉचमनच्या गळ्यात घातलंय ते, आणि तो बिचारा वेळ मिळेल तसं करतो.

सभा रविवारी आहे. दादा, हे सगळं वाचून दाखवू नकोस, लोक चहा पिऊन निघून जातील. दीडशे लिटरचा आकडा तेवढा सांग आणि तिमारपूरचे २१ दिवस सांग. पार्किंगसाठी क्लबहाऊसच्या मागची पडीक जागा मोजून घ्या, माझ्या अंदाजाने तिथे चार गाड्या बसतील. आणि ठराव काहीही होवो, हौदांवरचे दोन पत्रे उडालेत ते पावसाच्या आत बसवून घ्या. नोव्हेंबरात मी आले होते तेव्हा तळाशी वीतभर पाणी साचलेलं होतं आणि अर्धी गांडुळं मेली होती.